दोन दहाच्या वर नको

मथुरावहिनी नदीवर उतरायच्या आधी वरूनच एक दगड पाण्यात टाकायची. लहानसाच, मुठीत मावेल एवढा. डुबुक आवाज झाला की दहा-बारा श्वास थांबायची आणि मग एकेक पायरी उतरायची. सकाळी आठला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला. आमची प्राथमिक शाळा काठावरच आहे, त्यामुळे वर्गाच्या खिडकीतून मला ती रोज दिसायची. दगड कशाला टाकतेस, असं मी तिला कधी विचारलं नाही. आमच्या गावात ते विचारायची रीत नाही.

माझं माहेर लांज्याकडचं, सासर इथलं, चिपळूण तालुक्यातलं. शाळेत शिकवते म्हणून सगळे मला बाई म्हणतात. मथुरावहिनी आमची शेजारीण. दोन घरांमध्ये फक्त एक गडगा, तोही पावसात अर्धा ढासळलेला.

तिचा नवरा गंगाराम पाटबंधाऱ्याच्या कामावर होता. नदीच्या पाण्यात काळे-पांढरे आकडे रंगवलेली लोखंडी पट्टी उभी केलेली असते, तिच्यावर पाणी कुठवर आलं ते वाचून वहीत लिहायचं, हे त्याचं काम. एक्क्याऐंशी साली तो काविळीनं गेला. तेव्हा काशी, त्यांची एकुलती मुलगी, सात वर्षांची होती. वहिनी सातवी पास होती. साहेबांनी तिलाच रोजंदारीवर ते काम दिलं. तेव्हापासून तिनं एक वेळ चुकवली नाही. तापानं फणफणलेली असतानाही ती घोंगडी पांघरून नदीवर गेल्याचं मी पाहिलं आहे.

आता त्या दगडाचं सांगते. आमच्या नदीत मगर आहे. हे वाक्य मी आज लिहिते आहे, पण सासरी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला बजावलं होतं की तिचं नाव घ्यायचं नाही. इकडे सुसर म्हणतात, तेही म्हणायचं नाही. फार झालं तर थोरली म्हणायचं, आणि तेही घराबाहेर नाही. ती पाण्याची राखण आहे. दिसली तर हात जोडायचे आणि गप्प घरी यायचं. कुणाला सांगायचं नाही. जो सांगतो त्याच्या घरातलं एक माणूस ती नेते.

गोदा म्हणून कुणी होती, सासूबाईंच्या वयाची. तिनं थोरलीला कातळावर ऊन खाताना पाहिलंन आणि घरी येऊन कौतुकानं भावजयीला सांगितलंन. भाद्रपदात तिचा चार वर्षांचा मुलगा तिच्याबरोबर धुण्याच्या दगडावर गेला. नंतर त्याचं टोपडं तेवढं मिळालं. ही गोष्ट मला सांगताना सासूबाई चुलीकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. त्यानंतर एकदा माघात शाळेच्या खिडकीतून मला पाण्यात एक ओंडका दिसला. तो ओंडका प्रवाहाच्या उलट चालला होता. मी खिडकी लावून घेतली आणि मुलांना पाढे म्हणायला लावले. घरी कुणाला बोलले नाही.

नदी एक आणि गावं दोन. आलतडला आम्ही, पलतडला ते. पाऊस एवढा पडतो की भिंतींना शेवाळ येतं, पण चैत्र लागला की दोन्ही गावांतल्या बायका हंडे घेऊन डोंगरातल्या झऱ्यावर. बंधारा कुणाच्या हद्दीत व्हावा यावरून दहा वर्षं भांडण चाललं. शेवटी दोन्ही काठांना टेकणारा एकच बंधारा ठरला, पाणी दोघांचं. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर काम सुरू झालं. वरच्या अंगाला थोडं जंगल पाण्याखाली जाणार होतं, त्यामुळे परवानगी पार दिल्लीहून आली आणि येताना एक अट घेऊन आली. या नदीच्या खोऱ्यात, खाली दाभोळच्या खाडीपर्यंत, मगरीचा वावर असू शकतो. हा प्राणी संपत चालला आहे, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. तरी पाणी अडवण्यापूर्वी पात्रात मगर वा तिची अंडी आहेत का ते पाहावं, आणि असल्यास पिल्लं बाहेर पडेपर्यंत पाणी चढवू नये.

ओव्हरसियर महिपतराव हे पत्र घेऊन गावात आले. ते कोल्हापूरकडचे, राहायला अलोऱ्याच्या कॉलनीत. माणूस चांगला, बोलणं मोकळं.

"काय आप्पा, नदीत मगर-बिगर हाय का न्हाय?" त्यांनी सरपंचांना विचारलं.

आप्पांनी पान चघळणं थांबवलं नाही. "मगर? छ्या! साहेब, आमच्या नदीत वाटीभर कालवणाला मासा मिळत नाय. मगर काय खाईल, कातळ?"

सगळे हसले. साहेबांनी वाडीवाडीत विचारलं, पलतडला विचारलं. शाळेतही आले. मी म्हटलं, "नाही हो, आम्ही कधी पाहिली नाही." हे बोलताना माझा हात पदराशी चाळा करत होता, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. आपण सरकारशी खोटं बोलतो आहोत असं आम्हा कुणाला वाटलंच नाही. देवाचं गुपित राखतो आहोत असंच वाटलं.

मथुरावहिनीच्या नोंदवहीत मात्र तेव्हापासून शेवटी एक नवा रकाना आला: 'मगर – दिसली / नाही, ठिकाण'. त्या रकान्यात ती रोज तीन वेळा 'निरंक' लिहू लागली. वर्षभराहून जास्त लिहीत होती.

शहाऐंशीच्या शिमग्यानंतर वहिनी बदलली. दगड एक टाकायची तिथं तीन टाकू लागली. काशी तेव्हा बारा वर्षांची, सहावीत. आमची शाळा चौथीपर्यंतच, म्हणून ती पलतडच्या शाळेत जायची, नदीच्या उताराच्या जागेतून, गुडघाभर पाण्यातून. वहिनी तिच्याबरोबर जाऊ लागली आणि तिला आणायलाही.

"आये, मी काय लहान हाय? पोरी हसतात मला," काशी म्हणायची.

"हसूदेत. दात दिसतील त्यांचे. तू माझा हात सोडू नको."

जेवण तिचं जवळजवळ सुटलं होतं. गडग्यावरून मी आमटी दिली तर दुसऱ्या दिवशी वाटी तशीच परत यायची.

गुढीपाडवा झाला आणि महिपतराव दाखला घेऊन आले. हनुमान जयंतीला बंधाऱ्यात बरगे टाकायचे होते. बरगे म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या लोखंडी फळ्या, त्या बसल्या की पाणी साडेतीन मीटरपर्यंत चढणार आणि विहिरीतून नळाला जाणार. त्याआधी दाखल्यावर तीन सह्या हव्या होत्या: सरपंचांची, शाळेच्या शिक्षिकेची आणि पाणी वाचणाऱ्या बाईची. मजकूर असा, की गेल्या वर्षभरात पात्रात मगर किंवा तिची अंडी आढळली नाहीत.

आप्पांनी सही ठोकली. मीही केली. हो, मी केली. वहिनीनं कागद हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाली, "साहेब, पेन बरा चालत नाय. उद्या देते."

"अवो, ह्या पेनानं आत्ता दोन सह्या झाल्या."

"उद्या देते."

संध्याकाळचं पाणी वाचून ती सरळ आमच्या पडवीत आली. मी देवापुढं दिवा लावत होते.

"बाई, सही केल्यात?"

"केली. तू का नाही केलीस?"

ती खांबाला टेकून बसली. मग म्हणाली, "कोंबडी अंड्यांवर बसलेली असली तर तिच्या खुराड्यात कोन पानी ओततो काय?"

मी पुढं होऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. माझी दोन मुलं आत ताटावर बसली होती. "मला सांगू नको," मी म्हटलं. "वहिनी, तुझ्या पाया पडते, मला सांगू नको."

तिनं माझा हात बाजूला केला. "सांगत नाय बाई. विचारतेय."

मला सगळं कळलं होतं. नदीच्या वळणावर उंबराखाली जी पुळण, म्हणजे वाळू, आहे तिथं थोरलीनं अंडी घातली होती; बाकी सगळा काठ कातळाचा. पाणी साडेतीन मीटर चढलं की ती पुळण बुडणार. वहिनीनं सही केली तर अंडी मरणार, आणि त्या मरणावर काशीच्या आईची सही असणार. सही नाही केली तर का नाही ते सांगावं लागणार, आणि सांगितलं तर थोरली घरातलं माणूस नेणार. घरात माणूस होतं एकच. कुठूनही गेलं तरी वाट काशीपाशीच येत होती.

मी तिला एवढंच म्हटलं, की देवाला विचार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी ग्रामदेवतेच्या देवळात गेलो. आमच्याकडे देवाला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नको. धाकू गुरवानं पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि विचारलं, "काय मागतंस ते बोल गो मथुरे."

वहिनीनं नुसते हात जोडले.

"अगो बोल ना. मी काय सांगू देवीला?"

"मनात विचारलं तर नाय चालायचा?"

"मनातला मला कसा कळायचा? गाऱ्हाना तोंडानंच घालायचा असतो. तू मला सांगायचंस, मी तिला सांगायचा. बापजाद्यांपासून असाच आला हाय."

वहिनीनं ओठ उघडले. तिच्या गळ्याची शीर थडथड उडताना मला दिसत होती. मग तिनं ओठ मिटले. आम्ही तशाच उभ्या राहिलो. पाकळ्या सुकून दोन्ही बाजूंच्या हळूहळू गळून पडल्या, उजव्या आणि डाव्या. न विचारलेल्याचं उत्तर काय घ्यायचं? धाकू वैतागून म्हणाला, "सकाळच्या पारी देवीचा वेळ खाल्लान हिनं." वहिनीनं नारळ ठेवला, जमिनीला डोकं टेकलं आणि निघाली.

देवळाच्या पायरीवर ती मध्येच थांबली. काहीतरी पुटपुटत बोटं मोजत होती. मला वाटलं जप करते आहे. पण ती आकडे म्हणत होती.

"उंबराच्या मुळाला पानी लागतं तेव्हा पट्टीवर दोन साठ असतात. दर आषाढात बघते मी. त्यातनं एक हात खोल, म्हणजे पंचेचाळीस गेले. वाळू खालून ओल धरते, तिची थोडी सूट..." तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे तारवटलेले होते, पण पाच वर्षांत पहिल्यांदाच तिला हिशेब सापडल्यासारखा चेहरा होता. "बाई, तुमचा पेन द्या."

पिशवीतून तिनं तो दाखला काढला. सहीच्या जागी सही केली नाही. तिथं लिहिलं: 'पाणी २.१० च्या वर नको. ज्येष्ठ लागेपर्यंत.' खाली नाव, तारीख. कारण काही नाही.

"हे सांगणं झालं का ग?" मी विचारलं.

"हा आकडा हाय. आकडे लिवायचा तर पगार मिळतो मला."

महिपतराव कागद बघून चक्रावले. विहिरीत पाणी घेणारा पाइप होता दोन चाळीसवर. दोन दहाला पाणी थांबलं तर नळाला थेंब येणार नव्हता.

"मथुराबाई, दोन धा कुठनं काढलंत? कशापायी?"

आप्पा तिथंच होते. "साहेब, विधवा बाई, डोक्यावर ऊन घेऊन नदीवर बसते. तुम्ही मनावर घेऊ नका. दुसरा कागद करा."

पण साहेबांच्या मनात वेगळीच भीती शिरली. त्यांना वाटलं, पाच वर्षं पाणी बघणारी बाई दोन दहा म्हणते, म्हणजे बंधाऱ्याला कुठंतरी झिरप असणार, आणि पाणी चढलं की बांध जाणार. "खरं सांगा बाई, बांधात काय दिसलं का तुम्हाला? मी रागवणार न्हाय. माझी नोकरी जाईल वो, बांध फुटला तर."

"बांध चांगला हाय," वहिनी म्हणाली.

"मग काय हाय ते दाखवा."

सांगायचं नाही ही रीत होती. दाखवायचं नाही असं कुणी कधी म्हटलेलं नव्हतं, कारण दाखवायला कोण गेलं होतं? वहिनी उठली. एक दगड उचलला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्ही चला. एकटीच्यानं होनार नाय."

उन्हाची अकराची वेळ. पुढं महिपतराव, मग वहिनी, मग मी. आप्पा पाणंदीच्या तोंडाशी आले आणि चप्पल तुटल्याचं निमित्त करून तिथंच बसले. पुळण तापलेली होती. पाखरू बोलत नव्हतं. मी मनात देवाचं नाव घेत होते आणि दर पावलाला ते कुठवर आलं ते विसरून पुन्हा सुरुवात करत होते.

उंबर वीस-पंचवीस पावलांवर राहिला तेव्हा वहिनी म्हणाली, "साहेब, आता बास."

"अवो, अजून लांब हाय की."

"बास म्हनते ना."

ते चालतच राहिले. वहिनीनं मागून त्यांच्या शर्टाची बाही धरली. गावात कुणी पाहिलं असतं तर महिनाभर चघळायला विषय झाला असता. साहेबांनी हसून बाही सोडवून घेतली आणि आणखी चार पावलं टाकली.

उंबराच्या मुळांशी जो मातकट ढीग मी मुळ्याच समजत होते, तो उघडला. आतून पिवळट-पांढरं काहीतरी दिसलं आणि आवाज आला. स्टोव्हची हवा एकदम सोडली की येतो तसा, पण शंभर स्टोव्हचा. मग ते जड धूड चार पायांवर उचललं गेलं आणि वाळू उडवत आमच्याकडे धावलं. सुसर पोटानं सरपटते एवढंच मला माहीत होतं. ती अशी पळते हे माहीत नव्हतं.

महिपतराव मागच्या मागं पडले. त्यांचा एक बूट वाळूत राहिला. वहिनीनं हातातला दगड फेकला. थोरलीच्या अंगावर नाही, बाजूच्या पाण्यात, रोज फेकायची तसाच. डुबुक.

थोरली थांबली. आमच्यापासून दोन म्हशी उभ्या राहतील एवढ्या अंतरावर. तोंड उघडंच. मला तिचे दात दिसत होते आणि गळ्याची धडधड दिसत होती, त्याच सकाळी देवळात वहिनीची पाहिली होती तशीच. वहिनीनं हात जोडले. मग आम्ही तिघं तोंड तिच्याकडे ठेवून, उलट्या पावलांनी, एकमेकांना धरून मागं सरकलो. ती तिथंच उभी राहिली.

पाणंदीत आल्यावर महिपतराव एकदम ओरडले, "मगर! अवो, मगर हाय ती! घरट्यावर बसलीया!"

वहिनीनं दोन्ही कानांत बोटं घातली आणि पाठ फिरवली.

"आणि वरीसभर तुम्ही निरंक लिवताय? सगळा गाव मला न्हाय म्हणतोय?" साहेबांना आता राग येत होता. "का?"

उत्तर आप्पांनी दिलं, हलक्या आवाजात. "साहेब, आमच्याकडं सांगत नाहीत."

साहेबांनी त्याच दिवशी वर कळवलं. आठवड्यात हुकूम आला. पिल्लं बाहेर पडेपर्यंत बरगे टाकायचे नाहीत. वनखात्याचा एक राखणदार पाणंदीच्या तोंडाशी बसला. हनुमान जयंतीला बंधाऱ्यावर मांडव घातलेला होता, दोन्ही गावांचे नारळ येऊन पडले होते. मांडव तसाच सोडला. त्या वर्षी झराही आटत चालला होता, एक हंडा भरायला तासभर लागायचा. बायकांच्या रांगेत वहिनी आली की बोलणं थांबायचं आणि मग मुद्दाम मोठ्यानं सुरू व्हायचं.

"काय गो मथुरे," आमच्या वाडीतली तुळसा म्हणायची, "बाळंतिणीला डिंकाचे लाडू दिलेस की नाय?"

"शेक-शेगडी करायला हीच जाते रोज, तीन टायमाला."

"बारशाला घुगऱ्या वाट गो, आमच्या हंड्यात पानी नाय तर घुगऱ्या तरी!"

थट्टेतसुद्धा थोरलीचं नाव कुणी घेत नव्हतं. वहिनी हंडा भरून निघून जायची. तिला या बोलण्याचं काही वाटत नव्हतं, हे मी जवळून पाहिलं. तिची भीती वेगळीच होती. आकडा लिहिणं हे सांगणं झालं की नाही? वाळूत नेऊन उभं करणं हे सांगणं झालं की नाही? ती मला पुन:पुन्हा विचारायची आणि मी म्हणायचे, तोंडानं तू बोलली नाहीस. तिला ते पुरत नव्हतं. काशीला ती डोळ्याआड होऊ देत नव्हती.

कचेरीतून तिला नोटीसही आली, खोटी नोंद केल्याबद्दल कारणे दाखवा. मी तिच्यासाठी चांगल्या भाषेत पानभर उत्तर लिहून दिलं, परंपरा, अज्ञान, क्षमा वगैरे. तिनं ते वाचलं आणि दुसऱ्या कोऱ्या कागदावर स्वत: एकच ओळ लिहिली: 'मला भीती होती म्हणून लिहिले नाही.' तेच पाठवलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस संध्याकाळचं पाणी वाचून ती घरी आली तर काशी घरात नव्हती. अंगणात नाही, आमच्याकडे नाही. वहिनीनं हाक मारली नाही. ती नुसती धावत सुटली, नदीकडे. मी मागोमाग. तिन्हीसांजेचा उजेड होता, पाणी काळं दिसायला लागलं होतं. धुण्याच्या दगडावर कुणीतरी विसरलेलं एक फडकं पडलेलं होतं. ते बघून वहिनी गुडघ्यांवर बसली आणि पाण्याकडे बघून बोलायला लागली, मोठ्यानं. "मी बोलले नाय गो. तुझी राखली ना मी? तुझी राखली, माझी दे." एवढंच, परत परत. मी तिच्या खांद्याला धरून उभी होते.

"आये!"

काशी वरच्या वाटेनं येत होती, डोक्यावर हंडा. आई दमते म्हणून तुळसाबरोबर झऱ्यावर गेली होती, आणि रांग मोठी म्हणून उशीर झाला होता. मागून तुळसा आली. वहिनीला त्या दगडापाशी बसलेली बघून तुळसाच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं डोक्यावरचा हंडा उतरवला, वहिनीला उठवलं, पदरानं तिचं तोंड पुसलं. त्यानंतर झऱ्यावर कुणी लाडवांचं नाव काढलं नाही.

वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी राखणदार धावत शाळेत आला. सुट्टी होती, मी निकालपत्रकं लिहीत होते. पुळणीतून आवाज येत होता, वाळूच्या आतून, पिलं चिवचिवतात तसा. आम्ही लांबून, पाणंदीतूनच पाहिलं. थोरलीनं पुढच्या पायांनी वाळू उकरली. मग तिनं त्याच जबड्यात, ज्यात मी माझं मरण पाहिलं होतं, एकेक पिल्लू घेतलं आणि पाण्यात नेऊन सोडलं. राखणदार वहीवर खुणा करत होता. एकोणीस झाली. वहिनीनं मोजली नाहीत. ती पाण्यातल्या पट्टीकडे बघत उभी होती.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बरगे पडले. पाणी दोन दहा झालं, दोन चाळीस झालं, उंबराची मुळं बुडाली. नळाला पाणी आलं. त्यानंतर पंधरा दिवसांत पाऊसच लागला, म्हणून त्या साली नळाचं सुख दोन आठवड्यांचंच. आप्पा अजून ते बोलून दाखवतात. नोटिशीचं पुढं काय झालं ते आजवर कळलं नाही. वहिनी तशीच रोजंदारीवर पाणी वाचते.

पुढच्या कार्तिकातली गोष्ट. आता काशी बंधाऱ्यावरूनच पलतडला जात-येत होती. एका संध्याकाळी मी वहिनीच्या ओसरीवर बसले होते, ती वहीत सहाचं पाणी लिहीत होती. काशी आली, दप्तर ठेवलं आणि काही न बोलता पाय धुवायला गेली. रोज बडबड करत येणारी पोर.

वहिनीनं पेन थांबवलं. "काय बगितलंस?"

"काय नाय."

ते 'काय नाय' ऐकून मला महिपतरावांसमोरची मी आठवले. वहिनीनं वही बाजूला सारली. मग म्हणाली, "इकडं ये. बस. मी विचारतेय म्हनून सांग. किती होती?"

काशी माझ्याकडे बघू लागली. मी मान हलवली, हो म्हणून.

"एक मोठी," काशी कुजबुजली. "आनि पाठीवर दोन बारकी. वरच्या डोहात."

"तू सांगितला नायस, समजला? मी विचारला आनि मी लिवला. काय असेल ते माझ्यावर." वहिनीनं वही पुढं ओढली. शेवटच्या रकान्यात तिनं लिहिलं: 'दिसली. पिल्ले दोन. वरचा डोह.' पहिला शब्द तिनं दोनदा गिरवला. वही मिटून ती उठली, देवापाशी गेली, तिथला अंगारा बोटावर घेतला. आधी काशीच्या कपाळाला लावला. मग वहीच्या पुठ्ठ्याला.

त्याला आता तीन वर्षं होतील. काशी दहावीत आहे. शाळा सुटायच्या वेळेला वहिनी अजून बंधाऱ्याच्या आलतडच्या टोकाला जाऊन उभी राहते. काशी अर्ध्यावर आली की तिथूनच हात हलवते, लाजत, कारण बरोबर मैत्रिणी असतात. मग वहिनी सहाचं पाणी वाचायला वळते आणि पायऱ्या उतरण्याआधी दगड शोधते.